ओढतंय की! पण थांबतंय का?

पोस्ट मोठी आहे. उसाचा हंगाम सुरू आहे म्हणून लिहितोय. आत्ता वेळ नसेल तर रात्री वाचा, पण वाचा.

गेल्या आठवड्यात माझ्या मावसभावाचा अमेरिकेतून फोन आला. तो टेक्सासमध्ये असतो. तिकडे त्याने मोठी पिकअप गाडी घेतलीय आणि आता त्याला तिच्यामागे जोडायचं फिरतं घर घ्यायचंय. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, संडास-बाथरूम, सगळं. लांबी तीस फूट. विकणारा म्हणतो, "आरामात ओढेल." ह्याला शंका. म्हणाला, "दादा, तू ट्रॅक्टरच्या घरातला माणूस. तुला काय वाटतं? ओढेल का?"

मी हसलो. म्हटलं, "लगा, आमच्याकडं पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर वीस-बावीस टन ऊस ओढतोय. तुझं घर म्हणजे काय, किस झाड की पत्ती!"

तो हसला नाही. म्हणाला, "ओढण्याचं मलाही माहितीय. थांबेल का, ते विचारतोय."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मीच गप्प झालो. त्याच्या गाडीची ओढायची क्षमता कंपनीने साडेचार टनांच्या पुढे सांगितलीय. घराचं वजन भरल्यावर साडेतीन टन. म्हणजे कागदावर प्रश्नच नाही. पण ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला एक छोटं स्टिकर असतं. त्यावर गाडीच्या अंगावर किती ओझं चालेल ते लिहिलेलं असतं. त्याच्या गाडीला ते सातशे किलो आहे. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा लागतो. कमी आला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो आणि शेवटी गाडीलाच फिरवतो. साडेतीन टनांच्या घराचा हा भार झाला साडेतीनशे ते सव्वापाचशे किलो. त्यात हा, बायको, दोन पोरं आणि मागं ठेवलेलं सामान. सातशे कधीच पार!

शिवाय तिकडे बऱ्याच राज्यांत साधारण दीड टनाच्या आसपास वजन गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक पाहिजेतच. हुकाशिवाय दोन साखळ्या पाहिजेत. एवढं करूनही ट्रेलर सुटलाच, तर एक वायर खेचली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. अडीच टनांची गाडी साडेतीन टन ओढणार, त्याला एवढी तयारी. आणि तरीही तो रात्री झोपत नव्हता.

त्याच संध्याकाळी मी कराडहून गावाकडे निघालो होतो. महामार्गावर शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू असल्यापासून सेवा रस्त्यांची आणि डायव्हर्जनची काय अवस्था आहे ते तुम्हाला सांगायला नको. पुढं एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, बारा-चौदा फुटांपर्यंत रचलेला ऊस. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही. रिफ्लेक्टर असावा, पण पाला लोंबत होता त्याच्याखाली. टेपवर गाणं एवढं मोठं की माझा हॉर्न त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मावसभावाचा प्रश्न डोक्यात होताच. पहिल्यांदाच मी त्या गाडीकडे त्या नजरेनं बघितलं. माझ्या जन्मापासून बघतोय, पण असं नव्हतं बघितलं.

हिशेब करून बघा. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन-सव्वादोन टन. मागं ऊस वीस टन, रिकाम्या ट्रॉल्यांचं लोखंड वेगळं. म्हणजे ओढणाऱ्याच्या दहापट ओझं. ट्रॅक्टर ते ओढतो, कारण सपाट डांबरी रस्त्यावर चाकांवरचं ओझं ढकलायला फार जोर लागत नाही. पंचवीस टनांना चार-पाचशे किलोचा जोर पुरतो. खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर तेवढा जोर हसत हसत देतो. म्हणून आपल्याला वाटतं, काय ताकद आहे बघा!

आता तेच ओझं ओढ्याच्या उतारावर आणा. शंभर मीटरला पाच मीटर उतार धरा. असे उतार आपल्या प्रत्येक गावच्या रस्त्याला आहेत. तिथं पंचवीस टनांचं ओझं मागून सव्वा टन जोरानं ट्रॅक्टरला ढकलतं. ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. बहुतेक जुन्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच. त्या दोन चाकांवर जे काही वजन असेल, त्याच्या हिशेबातच ती रस्ता धरून ठेवणार. ढोबळमानानं टन-दीड टनाचा जोर. म्हणजे ब्रेकचा बहुतेक जोर उतार खाण्यातच संपला. गाडी थांबवायला शिल्लक काय राहिलं? रस्ता ओला असेल किंवा उसाचा पाला पडलेला असेल, तर तेवढंही नाही. ब्रेक कितीही दाबा, चाकं जागेवर अडकून घसरत जातात. ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागची ट्रॉली त्याच्या अंगावर येते.

त्यात वेगाचा हिशेब वेगळाच. ताशी वीसवरून तीसवर गेलात तर वेग दीडपट झाला, पण थांबवायची ताकद सव्वादोनपट लागते. आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल केलं, तर इंजिन धरून ठेवत होतं तेवढाही आधार गेला.

चढावर उलटं. मागच्या ओझ्यानं ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. पुढची चाकं रस्त्यावर नुसती टेकलेली असतात, स्टेअरिंग फिरवलं तरी वळत नाही. म्हणून बंपरवर दगड बांधतात, कधी पोरं बसवतात. हे आपण सगळ्यांनी बघितलंय आणि त्याचे हसत व्हिडिओ पण काढलेत. शेतातनं रस्त्यावर काढताना टोचन लावायचं आणि एकदा डांबरावर आला की, "चल रे, सुटलास!" खरा धोका तिथनं पुढं सुरू होतो.

आता माझं स्वतःचं सांगतो. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

आमचा ऊस नदीकाठाला, दोन एकर. एका वर्षी तोड काही केल्या येईना. तारीख होऊन महिना-सव्वा महिना झालेला, तुरे आलेले. रोज चिटबॉयच्या मागं, रोज मुकादमाला फोन. शेवटी टोळी आली. दोन दिवसांत फड उरकत आला आणि शेवटच्या खेपेला बांधाकडेला थोडा ऊस उरला. चाळीस-पन्नास मोळ्या असतील. ट्रॉल्या भरल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, ह्ये ऱ्हाऊ द्या. फुडल्या खेपंला न्हेतो."

पुढची खेप म्हणजे कधी? कुणाला माहीत? टोळी दुसऱ्या फडात गेली की तो ऊस तिथंच वाळणार. मी म्हटलं, "मामा, वढतंय की! टाका वर." त्याने एकदा ट्रॉलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. खुशालीचे पैसे माझ्याच हातात होते. त्याने मोळ्या वर टाकून घेतल्या.

गावाबाहेरच्या ओढ्याच्या उतारावर मागच्या ट्रॉलीची पिन निसटली. पिनीला क्लिप नव्हती, बांधायची तार होती. ट्रॉली सुटली, मागं-पुढं झाली आणि उजव्या बाजूच्या शाळूच्या रानात जाऊन कलंडली. रस्त्यावर कोणी नव्हतं. पाचच मिनिटं आधी तिथनं शाळेतली पोरं सायकलवरनं गेली होती. ते मला नंतर समजलं.

ड्रायव्हर खाली उतरला आणि ओढ्याच्या कठड्यावर बसला. बिडी पेटवायला गेला, काडी पेटेना. हात थरथरत होते. मला एका शब्दानं बोलला नाही. "तुम्हीच म्हणालात" असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्या खेपेची वजनाची पावती आजही माझ्या कपाटात आहे. उलटलेला ऊस दुसऱ्या दिवशी भरून गेला. दोन्ही मिळून निव्वळ वजन २३ टन ४०० किलो.

मी पत्रकार आहे. वीस-बावीस वर्षं ह्या पट्ट्यातल्या बातम्या देतोय. ट्रॉली उलटल्याची बातमी त्या दिवशी दिली नाही. "कोणतीही जीवितहानी नाही" म्हणून नव्हे. माझ्याच उसाची होती म्हणून.

आणि ज्या बातम्या दिल्या, त्या कशा दिल्या? जुनी कात्रणं काढून बघितली. "भरधाव दुचाकी उभ्या ट्रॉलीवर आदळून युवक ठार." "ट्रॉलीला पाठीमागून धडक, दोघे गंभीर." हंगामात अशा चार ओळींच्या बातम्या मी किती दिल्या असतील, मोजदाद नाही. प्रत्येक बातमीत दुचाकी "भरधाव". कुणी मोजला होता वेग? पंचनाम्यात जे आलं ते उतरवलं. पण ट्रॉली उभी का होती, कुठं होती, मागं दिवा होता का, रिफ्लेक्टर होता का, वजन किती होतं, ह्यातलं एकही वाक्य माझ्या बातमीत नाही. मेलेला पोरगा उत्तर द्यायला येत नाही, म्हणून सगळी चूक त्याच्या नावावर.

आमच्या शेजारच्या गावातला एक मुलगा असाच गेला. एमआयडीसीतनं रात्रपाळी करून येत होता. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. ड्रायव्हर चाक घेऊन पंक्चर काढायला गेलेला. मागं ना दिवा, ना फांदी. समोरनं येणाऱ्या गाडीचा लाईट डोळ्यावर आला की अंधारात ऊस आणि अंधार एकच दिसतो. मी नेहमीसारखी बातमी दिली. दहाव्याला गेलो तेव्हा त्याच्या आईनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "दादा, तुम्ही लिवलंय त्यो भरधाव हुता. तुमी बगितला हुता का?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

आता कुणी म्हणेल, ड्रायव्हर लोकांनाच शिस्त नाही. मी तसं म्हणणार नाही. त्याच्या बाजूनं बघा. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर. उचल आधीच घेतलेली, ट्रॅक्टरचा हप्ता चालू. कारखान्याच्या यार्डात नंबर लावून दहा-बारा तास, कधी जास्त. दिवसात एकच खेप होणार असेल, तर तो ती खेप जड करणारच. दोन खेपांचं डिझेल एका खेपेत वाचतं. शेतकऱ्याला वाटतं ऊस एकदाचा जावा. टोळीला वाटतं फड मोकळा व्हावा. ठेकेदाराला टन पाहिजेत, कारखान्याला गव्हाण थांबायला नको. प्रत्येकाचा थोडा थोडा फायदा आणि सगळ्यांचा धोका रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाला. म्हणून तर हे वर्षानुवर्षं चालतंय. ह्यात एक खलनायक असता तर कधीच सुटलं असतं.

कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, असंही त्यात आहे. ट्रॉली हे वेगळं वाहन धरलं जातं, तिची स्वतंत्र नोंदणी लागते. आता तुम्हीच आठवून बघा, एमएच १०, ११ किंवा ५० चा नंबर नीट दिसणारी उसाची ट्रॉली शेवटची कधी बघितलीत?

दर हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होतो. चांगला कार्यक्रम आहे, त्यानं जीव वाचतात, बंद होऊ नये. त्याचा फोटो मीही दरवर्षी छापतो. पण नोव्हेंबरात लावलेला रिफ्लेक्टर जानेवारीत चिखलाखाली आहे का पाल्याखाली, हे बघायला कोणी जात नाही. मीही गेलो नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. ओव्हरलोडची वाहनं शोधायला रस्त्यावर पोलीस उभे करायची गरजच नाही. प्रत्येक ट्रॅक्टर आपण होऊन वजनकाट्यावर चढतो! दिवस, वेळ, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, सगळं कॉम्प्युटरात. ह्या दोन जिल्ह्यांत गेल्या हंगामात कुठल्या ट्रॅक्टरनं किती टन ओढून आणलं, ह्याचा किलोपर्यंतचा हिशेब कारखान्यांकडे आहे. काटामारीवर आपण आंदोलनं केली, काट्यावर उसाचं वजन बरोबर आलं पाहिजे म्हणून भांडलो. भांडायलाच पाहिजे होतं. पण तोच काटा रोज दुसरंही काही सांगतोय आणि ते कोणी वाचत नाही. मी पण नाही वाचलं. २३ टन ४०० किलोची पावती बघून मला आनंद झाला होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वजनाच्या पावतीवर एक ओळ वाढवा. ह्या जोडणीला परवानगी किती टनांची आणि आणलं किती. बस्स. दोन आकडे शेजारी शेजारी छापून येऊ द्या. जादा टनांचे वाहतुकीचे पैसे ठेकेदाराला मिळणार नाहीत असं एकदा ठरलं, तर फडातच कोणी वर मोळी टाकू देणार नाही. शेतकऱ्याच्या उसाचा पैसा मात्र कापू नका, नाहीतर पुन्हा तोच मरायचा. आणि खेप हलकी झाली तर ड्रायव्हरची कमाई पडू नये म्हणून यार्डातली रांग कमी करा. रात्रभर जागून बारा तास नंबरात बसलेला माणूस उतारावर जागा कसा राहणार?

नव्या ट्रॉल्यांना ब्रेक आल्याशिवाय करार करू नका. जुन्या ट्रॉल्यांचं एका वर्षात होणार नाही, मान्य. तोवर निदान मोठ्या उताराच्या रस्त्यावर दुसरी ट्रॉली जोडू नका.

आणि ड्रायव्हर मामांनो, दादांनो, तुमच्यासाठी. तुम्हाला मी शिकवावं एवढी माझी लायकी नाही, ओढ्याच्या उतारावरच ती संपली. पण ऐका. पिनीला तार नको, क्लिप लावा आणि जोडीला एक साखळी बांधा. रस्त्यावर आलात की ब्रेकची दोन्ही पेडलं एकमेकांना अडकवा. नांगरताना वेगळी ठेवलेली तशीच राहिली आणि एकच दाबली गेली, तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो. उतार लागायच्या आधी खालचा गिअर टाका, न्यूट्रल कधीच नको. मागच्या ट्रॉलीला ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा एक लाल दिवा टाका. पंक्चर झाली तर गाडी जमेल तेवढी डांबराच्या खाली घ्या, मागं लांबवर काहीतरी खूण ठेवा. जाताना चाकाला लावलेले दगड रस्त्यातनं उचला. त्या दगडांवर पडून मेलेल्यांच्या बातम्याही मी दिल्यात. टेपचा आवाज कमी ठेवा. मागनं ॲम्ब्युलन्स येत असेल.

शेतकरी भावांनो, "वढतंय की, टाका वर" हे वाक्य आपण म्हणतो. ड्रायव्हर नाही म्हणत. पुढच्या वेळी तोंडात येईल तेव्हा माझी ही पोस्ट आठवा.

आमच्या धंद्यातल्या मित्रांना पण एक विनंती. "भरधाव" हा शब्द लिहायच्या आधी ट्रॉलीच्या मागं दिवा होता का, एवढं विचारा. मी यावर्षीपासून विचारायला लागलोय. हंगामातल्या पहिल्याच बातमीत ते एक वाक्य टाकलं. दोघा-तिघांचे फोन आले, "हे कशाला लिहायचं?" म्हणून. कशाला लिहायचं ते वर लिहिलंय.

मावसभावाचा परवा पुन्हा फोन आला. त्याने तीस फुटी घराचा नाद सोडला. वीस फुटांचं हलकं बघितलंय, दोन पलंगांचं. बायको जरा नाराज आहे म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे नाराज. घरी येशील."

यावर्षी आमचा ऊस पुढच्या आठवड्यात तुटणार आहे. तोच ड्रायव्हर आहे. काल भेटला, मी त्याला सांगितलं, "मामा, उरलं तर उरू द्या. दुसऱ्या खेपेला न्या, नाहीतर जनावरांना घालतो." तो थोडा वेळ बघत राहिला. मग हसून म्हणाला, "आता म्हणताय व्हय दादा?"

व्हय मामा. उशीर झाला, पण आता म्हणतोय.

पटलं तर पुढं पाठवा. आणि आज रात्री तुमच्या गावच्या रस्त्याला बंद दिव्याची ट्रॉली उभी दिसली, तर फोटो काढून मला पाठवायच्या आधी गाडी बाजूला लावा, मोबाईलचा टॉर्च लावून पाच मिनिटं मागं उभं राहा. फोटो नंतर काढता येतो.